अपेक्षेचा हक्क

रविवारच्या मिस्साबलिदानानंतर गायनवृंदातील मुले धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर थोडा वेळ रेंगाळतात. त्यांच्या गप्पांत मला फारसे स्थान नसते; परंतु चहाचा पेला हातात घेऊन त्या ऐकणे हा माझा आवडता उद्योग आहे. अशाच एका रविवारी त्यांचा विषय होता एक परदेशी दूरचित्रवाणी मालिका. एका जुन्या, जगभर गाजलेल्या कथेतून ती नव्याने काढलेली होती आणि मुले तिच्यावर विलक्षण संतापलेली होती. "आमची शुद्ध फसवणूक झाली, फादर," त्यांच्यातील एक जण मला म्हणाला, "लहानपणापासून आम्ही त्या गोष्टीवर जीव टाकला आणि यांनी तिची माती केली." मग काहीशा अभिमानाने त्याने पुढे सांगितले, "आम्हीही सोडलं नाही. त्या नटीला असं काही सुनावलंय की जन्मात विसरणार नाही."

हा मुलगा मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना छत्री धरून रिक्षापर्यंत पोहोचवणारा, कोणाशी कधी वर आवाज करून न बोललेला. मी त्याला एवढेच विचारले, "ती बाई आता या बाकावर येऊन बसली, तर तिला हेच बोलशील?" तो गोंधळला. "तसं नाही फादर, पण..." असे म्हणून थांबला.

त्या 'पण'पुढे काय असते, याचा शोध घेण्यासाठी हा लेखप्रपंच. विषय वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु फसवणूक हा शब्द करमणुकीचा नाही, तो नीतिशास्त्राचा आहे. जेथे वचन असते तेथेच फसवणूक संभवते. मग येथे वचन कोणी दिले होते? कोणते? आणि ते मोडले, असे म्हणण्याचा हक्क प्रेक्षकाला कितपत पोहोचतो?

एखादी मालिका लोकप्रिय झाली की तिच्यातील एखादे पात्र, स्थळ किंवा काळ उचलून त्याभोवती दुसरी मालिका उभी करायची, या प्रकाराला 'स्पिन-ऑफ' म्हणतात. आपण तिला शाखामालिका म्हणू. केळीच्या वाडीत वावरलेल्या वाचकाला ही कल्पना सहज उमगेल. केळ एकदाच घड देते. पुढे तिच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा वाढू लागतो. कंद तोच असतो, घड मात्र ज्याचा त्याचा.

शाखामालिका निघतात त्यामागे व्यवहार आहे. अगदी नव्या कथेकडे प्रेक्षकाला वळवणे खर्चाचे आणि जोखमीचे असते. ओळखीचे नाव, ओळखीचा चेहरा असला की प्रेक्षक आपण होऊन दार उघडतो. निर्माता जुन्या मालिकेचे नाव लावतो, तेव्हा तो तिच्याविषयीच्या आपल्या प्रेमाचाच भांडवल म्हणून उपयोग करीत असतो. म्हणून प्रेक्षकाची अपेक्षा अगदीच निराधार आहे, असे मला म्हणता येणार नाही. पाटीवर वडिलांचे नाव लावून दुकान मांडणाऱ्या मुलाकडून गिऱ्हाईकाने वडिलांच्या सचोटीची अपेक्षा धरली, तर त्यात वावगे काय? प्रश्न एवढाच की वडिलांची सचोटी मागायची, की वडिलांचा चेहरा मागायचा.

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील काही प्रसिद्ध मालिकांच्या इतिहासात सापडते. कोरियातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर एका लष्करी रुग्णालयाची कथा सांगणारी 'मॅश' ही मालिका १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे चालली. प्रत्यक्ष युद्ध १९५० ते १९५३ एवढेच चालले होते! २८ फेब्रुवारी १९८३ रोजी तिचा अखेरचा भाग दाखवला गेला, तेव्हा अमेरिकेत १० कोटींहून अधिक लोक तो पाहत होते. त्याच वर्षी 'आफ्टरमॅश' सुरू झाली. मूळ मालिकेतील तीन पात्रे, कर्नल पॉटर, क्लिंगर आणि फादर मल्काही, मिझुरी राज्यातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात पुन्हा एकत्र आणण्यात आली. नट तेच, नावे तीच. तरीही दुसऱ्या हंगामातच ती गुंडाळावी लागली.

एक धर्मगुरू म्हणून फादर मल्काहींकडे माझे लक्ष अधिक जाते. मूळ मालिकेच्या अखेरच्या भागात तोफगोळ्यांच्या वर्षावात सापडलेल्या युद्धकैद्यांना सोडवायला ते धावतात आणि जवळच झालेल्या स्फोटाने त्यांची श्रवणशक्ती जाते. जन्मभर इतरांची दुःखे ऐकून घेतलेला माणूस बहिरा होतो. शाखामालिकेच्या अगदी आरंभीच शस्त्रक्रियेने त्यांना पुन्हा ऐकू येऊ लागते. प्रेक्षकांना आपले जुने, प्रेमळ फादर जसेच्या तसे परत मिळाले. परंतु त्या त्यागाचे मोल मात्र कमी झाले. बहिरेपण सोसत याजकपण कसे जगायचे, हा खरा प्रश्न होता. अपेक्षा पुरी करण्याच्या घाईत तो प्रश्नच पुसला गेला.

असेच दुसरे उदाहरण आपल्या तरुण पिढीलाही परिचित आहे. 'फ्रेंड्स' ही सहा मित्रमैत्रिणींची मालिका १९९४ पासून १० वर्षे चालली. ती संपताच २००४ मध्ये त्या सहांपैकी जोई या भाबड्या नटाला न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला नेऊन त्याच्याच नावाची मालिका काढण्यात आली. २००६ मध्ये ती बंद पडली. लोकांचे प्रेम जोईवर होतेच. परंतु ते सहा जणांमधल्या नात्यातून उगवलेले होते. नाते मागे राहिले आणि चेहरा तेवढा पुढे आला. आपण ज्याच्यावर प्रेम करतो असे आपल्याला वाटते आणि ज्याच्यावर खरोखर करतो, ती दोन्ही एकच असतात असे नाही, हे निर्मात्यांना कळले नाही. प्रेक्षकांनाही ते आधी कळले होते असे वाटत नाही.

आता उलट उदाहरण पाहू. बॉस्टनमधील एका मद्यगृहाभोवती गुंफलेल्या 'चिअर्स' या मालिकेत १९८४ मध्ये फ्रेझर क्रेन नावाचा एक मानसोपचारतज्ज्ञ दुय्यम पात्र म्हणून आला. १९९३ मध्ये ती मालिका संपल्यावर त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली. निर्मात्यांनी त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटल शहरी नेऊन ठेवले. 'चिअर्स'मध्ये त्याने आपले वडील वारल्याचे सांगितले होते. येथे वडील हयात निघाले. गोळी लागून लंगडे झालेले निवृत्त पोलीस, जुनाट आरामखुर्ची आणि कुत्रा घेऊन मुलाच्या चकचकीत घरात राहायला येतात. पुढे एका भागात याचा खुलासाही होतो: बापलेकांचे भांडण झाले होते आणि रागाच्या भरात मुलाने बापाला मृत ठरवून टाकले होते!

तपशिलाचा कीस काढणाऱ्यांच्या दृष्टीने हा वचनभंगच होता. तरीही ती मालिका ११ वर्षे चालली आणि पहिली पाच वर्षे सलग तिला सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. याचे कारण मला असे दिसते की तिने फ्रेझरची बाह्य चौकट मोडली, पण माणूस जपला. त्याचा दिमाख, त्याचे एकटेपण, लोकांना शहाणपण शिकवताना स्वतः पावलोपावली अडखळणे, हे सारे कायम ठेवून त्याच्यापुढे एक नवे कर्तव्य उभे केले: ज्याच्याशी आपले कधी पटले नाही, त्या म्हाताऱ्या बापाला सांभाळणे. ते कर्तव्य निभावता निभावता फ्रेझर पूर्वीपेक्षा अधिक फ्रेझर झाला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताशी आमचा परिचय झाला. त्याने 'सर्जनशील निष्ठा' ही कल्पना मांडली. निष्ठा म्हणजे काल केले तेच आज यांत्रिकपणे पुन्हा करणे नव्हे. ज्याला आपण शब्द दिला, त्याच्यासाठी बदलत्या परिस्थितीत नव्याने उपस्थित राहणे म्हणजे निष्ठा. लग्नाच्या दिवशी दिलेले वचन पन्नाशीत पाळायचे तर ते पंचविशीतल्या रीतीने पाळता येत नाही, हे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी कोणत्याही तत्त्वज्ञाच्या मदतीशिवाय जाणतात. कथेविषयीही तेच खरे आहे. 'आफ्टरमॅश'ने चेहरे जपले, 'फ्रेझर'ने निष्ठा जपली.

येथवर दोष-गुणांचा विचार निर्मात्यांच्या बाजूने झाला. परंतु अपेक्षा करणाऱ्याचे काय? या बाबतीत मला सर्वांत अधिक शिकवले ते 'बेटर कॉल सॉल' या मालिकेने. कुटुंबातील लहान मुलांनी पाहावी अशी ती नव्हे, हे आरंभीच सांगतो. तिच्यात गुन्हेगारी आणि हिंसा आहे. मात्र तिचा नैतिक गाभा गंभीर आहे. कर्करोगाने ग्रासलेला एक रसायनशास्त्राचा शिक्षक अमली पदार्थांच्या धंद्यात कसा उतरतो, याची कथा 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेने २००८ ते २०१३ या काळात सांगितली. तिच्यात सॉल गुडमन नावाचा एक वाचाळ, भडक पोशाखाचा, कायद्याच्या पळवाटा विकणारा वकील होता. प्रेक्षक त्याला पाहून हसत. २०१५ मध्ये त्याच्या पूर्वायुष्यावर शाखामालिका निघाली, तेव्हा हसू अधिक मिळेल, अशीच अपेक्षा होती.

मिळाले ते वेगळेच. सॉलचे खरे नाव जिमी मॅकगिल. थोरला भाऊ चक हा नामांकित वकील. एका विचित्र आजाराने तो घरात कोंडून पडलेला असतो आणि जिमी त्याला रोज जेवणखाण, वर्तमानपत्रे नेऊन देतो. तरुणपणी जिमीने लोकांना लहानसहान गंडे घातलेले आहेत. परंतु भावाचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवून तो त्याच्याच कचेरीत टपालखात्यात राबतो आणि पत्रद्वारा अभ्यास करून वकील होतो. त्याला त्या कचेरीत वकील म्हणून घेऊ नये, अशी गुप्त तजवीज मात्र खुद्द चकनेच करून ठेवलेली असते. भाऊ बदलू शकतो, यावर त्याचा विश्वासच नसतो. त्याच्या लेखी जिमी कायमचा लबाड. त्याने जिमीकडून एकच अपेक्षा धरली आणि इतकी घट्ट धरली की अखेर ती खरी झाली.

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊक असतो, तद्वत जिमीचा सॉल होणार हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. किंबहुना आपण त्याचीच वाट पाहत असतो. हा बरा माणूस बिघडेल कधी, तो झगझगीत कोट घालेल कधी! ही मालिका पाहताना एके ठिकाणी मी दचकलो. चक आपल्या भावाविषयी जी अपेक्षा बाळगून होता, तीच मीही बाळगून होतो. फरक एवढाच की त्याची अपेक्षा कडवट होती आणि माझी करमणुकीची. एका माणसाच्या अधःपतनाची मी आरामखुर्चीत बसून वाट पाहत होतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये ही मालिका संपली. शेवटी सॉल पकडला जातो आणि आपल्या वाक्चातुर्याच्या बळावर अवघ्या सात-साडेसात वर्षांच्या शिक्षेची तडजोड पदरात पाडून घेतो. प्रेक्षकाला याचीच सवय असते. परंतु जिच्यावर त्याचे प्रेम होते, त्या किमने आपला अपराध आधीच कबूल केल्याचे त्याला कळते. मग तो भर न्यायालयात, तिच्या देखत, सारे सांगून टाकतो. ज्या कृत्यासाठी कायद्यात कलम नव्हते, त्या भावावरील अन्यायाचीही तो कबुली देतो. पदरी ८६ वर्षांची शिक्षा येते. त्याच वेळी तो सॉल हे नाव टाकून स्वतःचे नाव परत घेतो. घटना अनपेक्षित असाव्यात, तरीही त्या एकीतून दुसरी अशा निघालेल्या असाव्यात, असे ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त म्हटले आहे. हा शेवट तसा आहे. आपल्या अपेक्षेपेक्षा तो माणूस मोठा निघाला.

आपल्या भाषेने या बाबतीत एक सुंदर संकेत करून ठेवला आहे. प्रेक्षक, अपेक्षा, प्रतीक्षा आणि उपेक्षा हे चारही शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या एकाच धातूपासून निघाले आहेत. प्रेक्षकाचा धर्म पाहणे. अपेक्षा बाळगूनही तो समोरचे नीट पाहत असेल, तर तिची प्रतीक्षा होते. जे येईल त्याला ती जागा देते. परंतु अपेक्षाच डोळ्यांवर झापड होऊन बसली की समोर आलेल्याची उपेक्षा होते. आपण पाहत बसलेलो असतो आणि तरीही पाहत नसतो.

उपेक्षा तेथेच थांबली असती तर तिची गणना केवळ रसिकतेच्या उणिवेत झाली असती. परंतु ती पुढे जाते. मे २०२२ मध्ये 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालेतून 'ओबी-वॅन केनोबी' ही मालिका निघाली. तिच्यात मोझेस इन्ग्रम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची महत्त्वाची भूमिका होती. काही जणांनी तिच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार केला. आपल्याला आलेले ते संदेश तिने स्वतःच जगापुढे ठेवले. मालिकेचा नायक यूअन मॅकग्रेगर याने जाहीरपणे तिची बाजू घेतली आणि असे संदेश धाडणारा आपल्या लेखी 'स्टार वॉर्स'चा चाहता नव्हेच, असे बजावले. दुष्टांविरुद्ध सज्जनांनी उभे राहावे, अशी ती मूळ कथा. तिच्यावरील प्रेमापोटीच आपण हे करतो, अशी शिव्या देणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत असावी! प्रेमाचे मालकीत रूपांतर झाले की माणूस आपल्या लाडक्या कथेचाच उपदेश पायदळी तुडवतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा प्रेक्षकाच्या हक्काची सीमा मला अशी दिसते. जुन्या नावावर नवा माल विकणाऱ्याकडून प्रामाणिकपणाची, मेहनतीची आणि मूळ कथेच्या आत्म्याशी इमान राखण्याची अपेक्षा त्याने जरूर धरावी. ती पुरी झाली नाही तर स्पष्ट शब्दांत टीका करावी, टीव्ही बंद करावा, पैसे देणे थांबवावे. मात्र मला पूर्वी जे वाटले तेच पुन्हा वाटू दे, अशी मागणी कोणीच पुरी करू शकत नाही. कारण तेव्हाचे आपणही आता उरलेलो नसतो. आणि काम करणाऱ्या माणसाचा अपमान करण्याचा हक्क तर कोणत्याच तिकिटाच्या किमतीत मिळत नाही.

हे लिहिताना मला स्वतःचा एक अनुभव आठवतो. एका धर्मग्रामात लोकांच्या गळ्यातील ताईत झालेल्या धर्मगुरूंनंतर माझी नेमणूक झाली. पहिले वर्षभर मी जे जे करी, त्यावर एकच शेरा ऐकू येई: "आधीचे फादर असे करीत नसत." मला ते लागत असे. पुढे माझ्या हाताखाली एक तरुण सहायक धर्मगुरू आला, आणि एके दिवशी मी त्याला काय म्हणालो? "तुझ्याआधीचा सहायक हे फार छान करायचा." त्याचा उतरलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. शिक्षकाचा मुलगा, हुशार मुलीची धाकटी बहीण, दारुड्याचा पोर: आपल्या गावात किती जणांना आपण अशा शाखामालिका करून ठेवले आहे! त्यांच्याकडून एक तर जुन्याची नक्कल मागायची, नाही तर जुन्या पापाची पुनरावृत्ती गृहीत धरायची. चक मॅकगिल दूर अमेरिकेतच राहतो, असे नाही.

असो. काही आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा ओसरीवर आला. इतर मुले निघून जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "फादर, मी लिहिलेलं काढून टाकलं. मग ती मालिका पहिल्यापासून पुन्हा बघितली."

"मग? आवडली?"

"नाही," तो प्रांजळपणे म्हणाला, "गोष्ट कच्चीच आहे. पण ती बाई काम चांगलं करते. मागच्या वेळी मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं."

मी त्याचा पेला चहाने पुन्हा भरला.